चौक बघायला आलेले पाहुणे

आमच्या गल्लीत बाईने उंबरा ओलांडला की तिच्याकडे उत्तर तयार असावं लागतं. "कुठं निघाल्या मॅडम?" समोरच्या काकू विचारणार. धान्याच्या आडतीवरचा हमाल पाठीवर पोतं असताना मान वाकडी करून विचारणार. कापडवाले शेठ गादीवरून विचारणार. रिक्षावाला विचारतो, पण त्याचा तो धंदा आहे, त्याला माफ. बाकीच्यांना काय करायचंय? एकदा मी "कुठं नाही, अशीच" म्हणाले. "अशीच म्हंजे?" काकूंनी विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत माझं नवऱ्याशी बिनसलंय असं जुन्या जालन्यात ठरून गेलं.

मी भूगोलाची शिक्षिका. नोकरीतली बरीच वर्षं शहागडच्या पलीकडच्या एका शाळेत काढली. एका दुपारी शाळा लवकर सुटली, बसला वेळ होता, म्हणून मी गोदावरीच्या पुलावर जाऊन उभी राहिले. वरून पाणी सोडलं होतं, पात्र भरलं होतं, बघण्यासारखं होतं. तर एका ट्रकवाल्याने गाडी हळू करून विचारलं, "क्या हुआ मॅडम, कुछ प्रॉब्लेम?" मग हायवेवरच्या हॉटेलातला माणूस पळत आला. "मॅडम, घरी काही झालं का? मागं या, मागं या बरं." मी घरी पोचायच्या आत ही बातमी नवऱ्यापर्यंत पोचली होती. "पुलावर कशाला गेल्ती?" "नदी बघायला." "नदी काय बघायची?" आयुष्यभर मी पोरांना नद्या शिकवल्या. उगम, खोरं, उपनद्या, सगळं फळ्यावर. पण एक नदी उभं राहून बघायची म्हटलं तर लोकांना मी जीव द्यायला निघाले असं वाटतं. त्या दिवशीचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

हे एवढं सांगायचं कारण असं की लोक मला विचारतात, टीव्हीवर त्या परदेशातल्या रिकाम्या जागा तासन्‌तास काय बघत बसता? निवृत्त झाले आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासूनचा हा माझा नाद आहे. जगात ठिकठिकाणी लोकांनी कॅमेरे लावून ठेवलेत, दिवसरात्र चालू, आणि ते घरबसल्या फुकट बघता येतात. मुलीने एकदा टीव्हीवर लावून दाखवलं आणि मी तिथेच अडकले. नॉर्वेतलं एक बंदर आहे. बोट येते, चार गाड्या उतरतात, दोन चढतात, बोट जाते. आफ्रिकेतला एक पाणवठा आहे, तिथे जिराफ पुढचे पाय फाकवून, अंग चोरून पाणी पितं. हे मी पुस्तकातल्या चित्रावरून शिकवत आले होते, पण प्यायच्या आधी ते किती वेळ घाबरून इकडेतिकडे बघतं, ते चित्रात नव्हतं. जपानातलं एक लहानसं स्टेशन आहे, बर्फ पडलं की एक माणूस फावडं घेऊन फलाट साफ करतो, आणि त्याचं होईस्तोवर मागे पुन्हा पडलेलं असतं. तो वैतागत नाही. पुन्हा सुरू करतो.

"हे काय बघून राह्यली?" नवरा विचारायचा. "काहीच तर होऊन न्हाई राह्यलं."

"म्हणूनच," मी म्हणायचे.

त्याला ते कळलं नाही. माणूस स्वभावाने गरीब, सरकारी नोकरीतून निवृत्त, कुणाला दुखवायचं नाही हा त्याचा धर्म. त्याला वाटायचं मला परदेश बघायची हौस आहे. हौस कसली? मी त्या बंदरात उभी असते, त्या फलाटावर उभी असते, आणि तिथे मला कुणी विचारत नाही की तुम्ही इथे कशाला उभ्या आहात. बस्स. एवढंच सुख आहे त्यात, आणि ते मला जुन्या जालन्यात कधी मिळालं नाही.

आमची एकुलती एक मुलगी शिष्यवृत्ती मिळवून युरोपात शिकायला गेली. कोणत्या गावी ते मी सांगणार नाही. पुरे झालं ते आता. जुनं गाव आहे, मधोमध दगडी चौक, चौकात कारंजं, एका अंगाने ट्राम जाते. त्या चौकावर एक कॅमेरा आहे हे तिनेच शोधून काढलं. "मम्मी, तुझ्या बघण्यातली एक जागा वाढली," म्हणाली. मग आमचं ठरलं. दर रविवारी दुपारच्या चहाच्या वेळी, तेव्हा तिच्याकडे सकाळ असते, ती कारंज्यापाशी येऊन हात हलवायची. कानाला फोन असायचा. "दिसले का?" "दिसलीस. टोपी नवीन घेतलीस का?" असं दोन मिनिटं बोलायचं. मग फोन ठेवून ती तिच्या वाटेने निघायची, आणि मी बघत राहायचे.

मला आवडायचं ते हे फोननंतरचं. ती चौक ओलांडायची. हातात पावाची कागदी पिशवी, दुसरा हात मोकळा, तो झुलत असायचा. मध्येच थांबायची, कबुतरांकडे बघायची, पायऱ्यांवर ऐसपैस बसून पाव तोडून खायची. कुठे जायचं तिने ठरवलेलंच नसायचं बहुतेक. उठायची आणि वाटेल तिकडे निघायची. आमच्या गल्लीतून ही मुलगी कॉलेजला जायची तेव्हा ओढणी चापून, मान खाली, भिंतीच्या कडेकडेने, असं जल्दी जल्दी जायची की मागून मी हाक मारली तरी थांबायची नाही. मला वाटायचं तिची चालच तशी आहे. ती चोवीस-पंचवीस वर्षांची झाल्यावर, टीव्हीवर, मी तिला पहिल्यांदा मोकळं चालताना बघितलं. मी रडले नाही. मला रागच आला, की हे आम्ही तिचं इतकी वर्षं कुठे दाबून ठेवलं होतं.

ते चालणं माझ्यासाठी काय होतं हे मी नवऱ्याला सांगायला हवं होतं की नको, याचा मी आता विचार करत नाही. सांगून कळलं असतं असं वाटत नाही. एका रविवारी तो मध्येच खोलीत आला, त्याने लेक हात हलवताना बघितली, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इथवर ठीक. पण त्याला आनंद झाला की तो एकट्याने पचत नाही. त्याने हसनाबादला थोरल्या भावाला फोन लावला, मग समोरच्या काकूंना हाक मारली, मग शेठना सांगून आला. पुढच्या रविवारी माझ्या खोलीत सतरंजी अंथरलेली.

झालं. माझ्या चौकात गल्ली येऊन बसली.

टीव्हीसमोर माणसं, दारात चपला, आत माझा चहा. ती आली की एकच गलका. "आली आली! ती बघा लाल जाकीट!" काकू टीव्हीकडे बघून ओरडायच्या, "इकडं बघ ना बाई!" कुणी हात जोडायचं. कुणी मोबाइलवर टीव्हीचा व्हिडिओ काढायचं. आणि मग सुरू. पोरगी वाळली. केस कापले वाटतं. पायात हे कसलं बूट? एकटी फिरते का? मागून गेला तो कोण? अहो, तो कोण म्हणजे? सार्वजनिक चौक आहे, माणसं जाणार नाहीत तर काय? "न्हाई, आपलं विचारलं," म्हणायचे. फोन ठेवल्यावर ती पायऱ्यांवर बसली की काकू म्हणायच्या, "अशी पाय फाकून बसली बघा." मी चहाचे कप जरा जोरात ठेवायला लागले. नवरा रात्री म्हणाला, "लोक प्रेमानं येऊन राह्यले, तू तोंड कशाला पाडती?" प्रेमाने! आमच्या गल्लीला प्रेम आणि पाळत यातला फरक कुणी शिकवलाच नाही.

मुलीला मी काय सांगणार? तिला एवढंच माहीत होतं की पप्पा आणि शेजारचे पण बघतात. ती बिचारी दोन्ही हातांनी टाटा करायची. "सगळ्यांना नमस्कार सांग मम्मी." तिला मजा वाटत होती.

थंडीतल्या एका रविवारी थोरले दीर हसनाबादहून आले, आणि सोबत भोकरदनकडचं एक जोडपं. "पाहुणे आहेत, सहज आणलं," म्हणाले. पाहुण्यांनी जयभीम घातला, मीही घातला. पुरुषाचा शर्ट घडीच्या खुणांचा, कोरा. बाईंच्या अंगावर ठेवणीतली साडी. सहज कुणी असं येत नाही, पण मी पोह्याला कांदा चिरण्यात होते, डोक्यात आलं नाही. पोह्याचं पण नवऱ्यानेच सांगितलं होतं. "आज नुसता चहा नको, पोहे कर. शेंगदाणे घाल."

मी ताटल्या घेऊन बाहेर आले तेव्हा पाहुणीबाई टीव्हीकडे बोट करून माझ्या नवऱ्याला विचारत होत्या, "उंची किती म्हणले?"

ताटली माझ्या हातातच राहिली. म्हणजे हे मुलगी बघायला आले होते. मुलगा पुण्यात कंपनीत, त्याला सुट्टी नाही. मुलगी समुद्रापलीकडे, तिला पत्ता नाही. आणि बघण्याचा कार्यक्रम माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, पोहे घेऊन मी उभी, कारण पोहे आणणारी तर तिकडे कारंज्यापाशी उभी होती. शिक्षण होईस्तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं होतं. नवऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला शब्द दिला होता.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघेना.

"नुसतं बघायला तर आले," तो हळूच म्हणाला. "बघितल्यानं काय होतं?"

दीर मांडी घालून निवांत बसले होते. हा माणूस दर जयंतीला व्यासपीठावरून बायांच्या हक्कांवर बोलतो. चांगलं बोलतो, मी टाळ्या वाजवल्या आहेत. आम्ही देव सोडले, उपास सोडले, अंगारे-धुपारे सोडले. आमच्या आज्यांनी एका दिवसात घरातले देव उचलून विहिरीत टाकले, इतकी त्या बायांची धमक. आणि त्यांचे नातू पोहे खात पोरीची उंची विचारत होते. हे एवढं मात्र आम्ही जपून ठेवलं.

"शिकलेली पोरगी हाय," दीर पाहुण्यांना सांगत होते, "पण बिलकुल साधी. वाकडं पाऊल न्हाई."

मग पाहुण्यांनी ते म्हटलं. फार सौम्यपणे म्हटलं, जणू पाण्याचा तांब्या मागावा. "उभी तर दिसली. जरा चालून दाखवायला सांगता का? ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंग पायाबियाचं बराबर कळतं."

माझ्या वेळीही हे झालं होतं. वडिलांच्या ओसरीवर मला दारापासून रांजणापर्यंत चालवलं होतं, चार अनोळखी माणसांसमोर. ते नवऱ्याकडचेच होते. माझा पाय तेव्हा सरळ पडत नव्हता, लाजेने नाही, संतापाने. मला वाटलं होतं ते माझ्यापाशी संपलं.

फोन नवऱ्याच्या कानाला होता. मी "नाही" म्हणेपर्यंत तो बोलून गेला. "बेटा, जरा चालून दाखव बरं. तिकडून इकडं. सगळे बघून राह्यले."

टीव्हीवर ती तशीच उभी. "ऐकून न्हाई राह्यली का?" पाहुणीबाईंनी विचारलं. ऐकलं होतं तिने. त्या कॅमेऱ्याचं चित्र आमच्याकडे पोचायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं, फोन मात्र लगेच पोचतो. थोड्या वेळाने ती हलली. आणि ती काय चालली! तिला वाटलं पप्पांना गंमत हवी आहे. तिने कमरेवर हात ठेवला, मग दोन्ही हात पसरले, एक गिरकी घेतली, कारंज्याला वळसा घातला, हसत, लांब लांब ढांगा टाकत. बाजूने जाणारी एक म्हातारी थांबून हसली.

खोलीत कुणी हसलं नाही. पाहुण्यांनी बायकोकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "चाल जरा मोकळी हाय."

मी नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "ऐक," मी म्हणाले. "तुला बघायला पाहुणे आलेत. लग्नासाठी. मला आत्ता कळलं. तुला चालायला लावलं ते त्यांच्यासाठी."

"वहिनी!" दीर ओरडले. काकूंनी तोंडाला पदर लावला.

फोनवर ट्रामची घंटा ऐकू आली. टीव्हीवर ती अजून हात पसरून चालत होती, अजून तिला कळलं नव्हतं, आणि इकडे कानात तिचा श्वास मला ऐकू येत होता, तिला कळलेल्याचा. आयुष्यात मला इतकं असह्य काही झालेलं नाही. ती हसत होती आणि माझ्या कानाशी ती गप्प होती.

"पप्पांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"बरं. ठेवते मम्मी."

फोन बंद झाला तरी टीव्हीवर तिचं चालणं संपलं नव्हतं. मग तिने फोन कानाला घट्ट धरला. पसरलेला हात खाली आला. तिने वर कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं, थेट, आणि खोलीतल्या सगळ्यांनी नजरा वळवल्या, आपण दिसतोय असं वाटून. मग तिने जाकिटाची टोपी डोक्यावर ओढली, हात खिशात घातले आणि खाली बघत, दुकानांच्या भिंतीला धरून, भराभर निघून गेली.

"हां," पाहुणीबाई म्हणाल्या. "आता कशी बराबर चालली."

मी उठून टीव्ही बंद केला. पोह्याच्या ताटल्या पाहुण्यांच्या हातातून काढून घेतल्या, अर्ध्या खाल्लेल्या होत्या तरी. "या आता," म्हणाले. दीरांना म्हणाले, "दादा, तुम्हीपण." माझ्या दारातून पाहुणा उपाशी गेला असं आजवर झालं नव्हतं. त्या दिवशी झालं आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. दीर उंबऱ्यावर म्हणाले, "एवढं काय झालं? कुणी हात तरी लावला का पोरीला?" मी दार लावून घेतलं. नवरा आत सतरंजी गुंडाळत बसला होता, गुंडाळून झाली तरी गुंडाळत होता. तो पुढे माझ्याशी, मुलीशी, सगळ्यांशी खूप बोलला, माफीही मागितली, मनापासून मागितली. मी त्याला अजून पूर्ण माफ केलेलं नाही आणि ते त्याला माहीत आहे.

गल्ली रविवारी यायची बंद झाली. मुलगी फोन करते, पूर्वीसारखंच बोलते, अभ्यासाचं सांगते, थंडीचं सांगते. वडिलांशीही बोलते. चौकाचं नाव काढत नाही. मीही बरेच दिवस काढलं नाही. परवा राहवलं नाही, म्हणून विचारलं, "कॉलेजला जाताना चौकातून जातेस ना गं?"

"नाही मम्मी," ती म्हणाली. "मागच्या गल्लीनं जाते. जवळ पडतं."

मी बरं म्हणाले. फोन ठेवून तशीच बसून राहिले. त्या गावाचा नकाशा मी ती जायच्या आधीच बघून ठेवला होता, तिचं घर, तिचं कॉलेज, मधला चौक, सगळं मला पाठ आहे. मागच्या गल्लीनं जवळ पडत नाही. चांगलं लांब पडतं.